फुगेवाले मेंबर

आमच्या घरातला पहिला फुगा मी शिवला. ह्यांनी फक्त कापड कापलं, पण गावोगाव नाव झालं ते ह्यांचं. हे सोलापुरात वकील होते. एका फिरत्या खेळवाल्याचा धुराचा फुगा त्यांनी पाहिला आणि तेव्हापासून कोर्टातून आले की अंगणात मांजरपाटाचे लांब पट्टे कापत बसायचे. शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. त्या बायका सुताला लावत तसली दाट खळ मी शिवलेल्या कापडाला लावली, म्हणजे गरम हवा गळायची नाही. माझी बोटं महिनाभर सुजलेली होती.

फुगा उडवायचा तो असा. चर खणून त्यात तुराट्या पेटवायच्या, धूर आणि ऊन हवा कापडात कोंडायची. फुगा उभा राहिला की खाली बांधलेल्या फळीवर हे बसायचे. मोटेचे नाडे जोडून केलेले दोर माणसं धरून ठेवायची. फुगा चिंचेच्या दोन झाडांएवढ्या उंचीवर जायचा आणि हवा निवली की खाली यायचा. मी कधी वर गेले नाही. "पुढच्या खेपेला तू," असं ते दर खेपेला म्हणत.

माझं माहेर मंद्रूपच्या पलीकडचं, कानडी मुलखाच्या कडेचं. उन्हाळ्यात आमच्या बायका कोरड्या ओढ्यात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा हे तिकडं आले तेव्हा माझी आई पहाटेची गेलेली, ऊन चढल्यावर अर्धी घागर घेऊन परतली. ह्यांनी ते पाहिलं. परतताना बैलगाडीत म्हणाले, "इथं तलाव झाला पाहिजे. त्यासाठी कौन्सिलात जावं लागेल." मला ते खरं वाटलं, आणि त्यांच्या मनातही ते खरंच होतं.

निवडणुकीत त्यांनी फुगा बरोबर घेतला. बाजाराच्या दिवशी आधी तलावाचं भाषण, मग फुगा. लोक लोटायचे. हे निवडून आले आणि मुंबईला गेले.

पुढची वर्षं आठवली की अजून माझं डोकं तापतं. तलावाचा प्रश्न त्यांनी प्रत्येक बैठकीत विचारला. उत्तर एकच यायचं, सरकार विचार करीत आहे. उभे राहिले की मागून कोणीतरी विचारायचं, "सोलापूरचे मेंबर आज जमिनीवर आहेत का?" सगळे हसायचे. हे घरी येऊन मला सांगायचे आणि स्वतःही थोडं हसायचे.

"तुम्ही कशाला हसता?" मी एकदा म्हणाले.

"मग काय करू? रागावलो तर उद्याचा प्रश्नही घेणार नाहीत."

गावातही तेच. माझा भाऊ सोलापूरला आला की त्याला तलावाचं काय झालं ते सांगायला हे कागद काढून बसायचे. तो चहा पीत ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "ते व्हईल की, दाजी. पर जत्रंला फुगा आणताय न्हवं? लोक इचारत्यात."

पुढच्या निवडणुकीला ह्यांनी ठरवलं, फुगा न्यायचा नाही. लोकांनी कामाकडं बघून मत द्यावं. मला ते पटलं. फुगा मी स्वतः माळ्यावर टाकला. बाजारात हे तासभर बोलले. पुढं बसलेला एक म्हातारा उठून म्हणाला, "वकीलसाहेब, पान्याचं लई ऐकलं. फुगा कुटं हाय?"

"फुगा नाही आणला, बाबा."

"मग आमी हितं कशाला बसलोय?" तो वाईट बोलला नाही, खरंच विचारत होता. पण त्याच्यामागं माणसं उठत गेली. समोरचा उमेदवार कापसाच्या एका जिनिंगचा मालक होता. तो फारसं बोललाच नाही, त्यानं मतदारांना मोटारीतून नेऊन आणलं. हे पडले.

आणि तलाव झाला तो त्या मालकाच्या कारकिर्दीत. ह्यांनी चिकाटीनं लावून धरलेली मोजणी, नकाशे, सगळं तयारच होतं. त्यानं फक्त शेवटचा होकार मिळवला. उद्घाटनाच्या आधी त्याचा माणूस आमच्याकडं आला. मला वाटलं, चार शब्द बोलायला बोलावतायत.

"मालकांचं म्हणणं, कलेक्टरसाहेब येणारेत, तेवढा फुगा उडवला तर शोभा येईल."

मी आतून म्हणाले, "सांगा त्यांना, जमणार नाही."

हे म्हणाले, "येतो."

त्या रात्री मी जेवले नाही. "तुमच्या तलावावर तुम्हाला तमाशगीर करून नेतायत," मी म्हणाले. हे म्हणाले, "अगं, तलाव बघायला मिळेल."

उद्घाटनाला मांडवात मालकाला हार, साहेबांना हार. भाषणात ह्यांचा उल्लेख आला तो 'आपले फुगेवाले वकीलसाहेब' असा. मग मैदानात तुराट्या पेटल्या. माझ्याच गावच्या माणसांनी दोर धरले. मी बायकांत उभी होते. शेजारी आई. तिला आता नीट दिसत नव्हतं.

"कोण चाललंय वर?" तिनं कानडीत विचारलं.

"तुझा जावई."

"पडणार नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

हे खाली आले तेव्हा तोंड काजळलेलं होतं. "पार त्या टोकापर्यंत पाणी आहे," मला म्हणाले. "बांध पश्चिमेला थोडा कमी उंच ठेवलाय. मी नकाशात जास्त सांगितला होता."

"मग जाऊन सांगा त्यांना."

हे मांडवाकडं गेले. मालकापाशी उभे राहून बांधाकडं हात करून काहीतरी सांगत होते. मालकानं ऐकल्यासारखी मान हलवली आणि त्यांच्या हातात पेढा ठेवला. मग तो साहेबांना घेऊन मोटारीकडं गेला.

फुग्याची घडी मी एकटीनंच घातली. कापड अजून गरम होतं.