पासिंगची पाटी

"तुमचा तर धंदाच बसला की, पेंटर," असं कुणी हळहळून म्हटलं की माझं टाळकं सटकतं. सरकारनं जुन्या गाड्यांनाही ती कारखान्यातून येणारी ठोकळा अक्षरांची पाटी सक्तीची केली. लोक मोबाइलवर तारखा घेऊन रांगा लावून राहिलेत, आणि नांदेडात माझ्या दुकानापुढं आता कुत्रंसुद्धा थांबत नाही. लोकांना वाटतं, पेंटर रडत असंल. अरे, बसला ते लई बेस झालं! आधीच बसायला पाहिजे होता.

वीस-बावीस वर्षं मी गाड्यांचे नंबर लिहिले. कायदा तोंडपाठ होता. चारचाकीला अक्षर पासष्ट मिलिमीटर उंच, रेघ दहाची जाड, दोन अक्षरांमध्ये दहाची फट. मोटारसायकलचं माप वेगळं. घरच्या गाडीला पांढऱ्यावर काळं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळं. आकडे इंग्रजी, वळण साधं, आणि पाटीवर दुसरं काही म्हणजे काही नको, मग तो देव असो नाहीतर वाघ. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी ते रोज मोडत होतो. कारण नियमातली पाटी कुणीही लिहून देतो, त्यासाठी माझ्याकडं कोण येणार?

माझ्याकडं यायचे ते हौशे. अर्धापूर, उमरी, लोहा, कुठून कुठून यायचे. "पेंटर, असा काढा की लोकायनी वळून बघितलं पाहिजे." मी काढायचो. मराठी आकडे, एकमेकांत गुंतवलेले, खाली लाल छटा. माझी खासियत म्हणजे शेवटच्या आकड्याची शेपटी. ती पाटीभर खेळवून टोकाला बारीक गाठ मारायची. ती गाठ दुसऱ्या कुणाला जमत नव्हती आणि याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

शिवाय माझी एक रीत होती. एका गाडीला दोन पाट्या. एक पासिंगची, म्हणजे आरटीओच्या साहेबाला दाखवायला, मापात, सरळ. दुसरी फिरायची. पासिंग झालं की दोन नट ढिले करायचे, पाटी बदलायची, झालं. "पासिंगची फेकू नका बरं का, सांभाळून ठेवा, वेळेला उपयोगी पडते," हेही मीच सांगायचो. गिऱ्हाईक खूश व्हायचं, मी त्याहून खूश. दीडशहाणा दुसरं काय करणार?

माझी थोरली बहीण लातूरला दिलेली, तिला आम्ही आक्का म्हणतो. दाजी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोटारसायकलसुद्धा बैलगाडीच्या चालीनं चालवायचे, आम्ही त्यावरून चेष्टा करायचो. एकदा सामान न्यायला ते नांदेडला निघाले आणि लोह्याच्या अलीकडं समोरून ओव्हरटेक करणाऱ्या पांढऱ्या जीपनं त्यांना उडवलं. सकाळचे दहा वाजलेले, लख्ख ऊन. जीप थांबली नाही. दाजी दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

आक्का रडली, पण तिचं एकच टुमणं. "मला भरपाई नको, काही नको. तो कोण होता तेवढं सांगा. त्याला माझ्यासमोर उभा करा." दिवस घालून झाले तरी तेच.

म्हणून मी त्या जागेवर गेलो. रस्त्याकडेला एक हॉटेल आहे, चहा-भज्याचं. हॉटेलवाल्यानं जीप पाहिली होती, मागं धावलाही होता. म्हणाला, "नंबर होता की जी. पण वाचाया येईना. नंबर हाय का चित्र हाय, तेच कळंना." मग त्यानं बोट पाण्यात बुडवलं आणि टेबलावर काढून दाखवलं. लांबलचक शेपटी. टोकाला गाठ.

माझंच काम होतं ते. चहा तसाच ठेवून उठलो आणि तडक पोलीस ठाण्यात जाऊन जमादाराला खरं ते सांगितलं. पांढऱ्या जीपवाली सात गिऱ्हाइकं आठवली, सातही सांगितली. जमादार माणूस वाईट नव्हता, साती ठिकाणी फिरला. चार दिवसांनी मला बोलावून म्हणाला, "सातही गाड्यांना नियमातली पाटी हाय, पेंटर. एकदम स्वच्छ. लांबून वाचता येते. एकाचा बंपर नवा हाय, पण तो म्हणतो बैलाला धडकलो." त्या साती पाट्या माझ्याच हातच्या, पासिंगच्या. उडवणाऱ्यानं घरी जाऊन दोन नट फिरवले होते, बाकीच्यांनी पोलिसांच्या धाकानं, बस्स. मी शिकवलं होतं तसं.

"साक्षीदारानं नंबर वाचला का? न्हाई. तुम्ही गाडी बघितली का? न्हाई. मग मी काय करू, सांगा," जमादार म्हणाला. प्रकरण तिथंच मिटलं.

आक्काला सांगायला मला पाच महिने लागले. लातूरला गेलो, तिच्यासमोर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. शेपटी, गाठ, दोन पाट्या, सगळं. वाटलं, शिव्या घालंल, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी हळू विचारलं, "वाचायचाच नव्हता, तर लिवलास कशाला रं?"

त्याला दोन दिवाळ्या झाल्या, भाऊबीजेला लातूरहून बोलावणं नाही, आणि न बोलावता जायला मला तोंड नाही.