ओरेस्टने ट्रक शांत केला

कॅनडातल्या विंडसरच्या इंजिन कारखान्यात ओरेस्ट बाब्युकने आयुष्यभर एकच काम केलं. लाइनच्या शेवटी तयार इंजिन यायचं, स्टँडवर चढायचं, सुरू व्हायचं आणि ओरेस्ट त्याच्यावर उजवा तळहात ठेवायचा. थरथर सरळ असली तर इंजिन पुढे. कुठे अडखळली तर मागे. हातमोजा घालून ते काम होत नसे. भाजून भाजून त्याचा पंजा जाड आणि गुळगुळीत झाला होता. त्याची बायको मार्सेल म्हणायची, "ह्याला माझा ताप हाताला लागत नाही. पिस्टनचा बरा लागतो!"

निवृत्त झाल्यावरही तो महिन्यातून एकदा युनियनच्या हॉलमध्ये जायचा. हॉलच्या आवारात रीत अशी की आपल्या माणसांच्या हातची गाडी दाराशी लागायची आणि बाहेरच्या कारखान्याची मागे, कचऱ्याच्या पेट्यांपाशी. मधली पिवळी रेघ ओरेस्टने मारलेली होती. बर्फ वितळला की तोच ती घासून पुन्हा रंगवायचा, दोन हात देऊन.

त्या वर्षी हॉलमध्ये दुसरा विषय नव्हता. कारखान्यातली एक पाळी बंद झाली होती. ओटावाच्या सरकारने विजेच्या गाड्यांची सक्ती करणारा कायदा आणला होता. अध्यक्ष तुलिओ म्हणायचा, हे सगळं त्या कायद्याचं. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणायचं, "तुलिओ, पेट्रोल भरायला गेलास का एवढ्यात? कायदा नसता तरी लोक तिकडेच वळले असते." मग आरडाओरडा.

ओरेस्ट कधी बोलत नसे. एका सभेत तो उठला आणि त्याने माइक हातात घेतला.

"कायदा जरा बाजूला ठेवा," तो म्हणाला. "आणि मला एक माणूस दाखवा. एकच. ज्याला ती गाडी मनापासून हवीय."

लोकांनी टेबलं बडवली. तुलिओने त्याला मिठी मारली. पुढच्या सभांत ते वाक्य जो तो म्हणू लागला.

मार्सेलचा कॅन्सर तेव्हा मणक्यात उतरला होता. रेडिएशनसाठी तिला आठवड्याचे पाच दिवस हॉस्पिटलात न्यावं लागे. ओरेस्टचा ट्रक जुना होता, त्याच्याच लाइनवरून उतरलेल्या इंजिनाचा. विंडसरमध्ये कुठेही निघा, रेल्वेचे रूळ आडवे येतात. रूळ आले की मार्सेल डोळे मिटून घ्यायची आणि पलीकडे गेल्यावर श्वास सोडायची. तक्रार करायची नाही. बेल रिव्हर गावच्या शेतकऱ्याची मुलगी होती.

एका सोमवारी ओरेस्टला ताप होता, म्हणून तिच्या बहिणीची मुलगी जोझेट तिला घेऊन गेली. जोझेटची गाडी विजेची होती. दोघी परतल्या, गाडी दारात थांबली, पण मार्सेल उतरेना. ओरेस्ट घाबरून बाहेर धावला. जोझेटने ओठांवर बोट ठेवलं. मार्सेल झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. कित्येक आठवड्यांत तिला अशी झोप लागली नव्हती. तिघंही तसेच राहिले, दोघी आत आणि तो बाहेर, काचेला हात लावून.

रात्रीच्या जेवणाला पेरोगी होते, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांसारखे. मार्सेलने दीड खाल्ला.

"ओरेस्ट, मला तशी गाडी हवी रे."

"कशाला? बाहेरच्या कारखान्यात बनलेली. हॉलमध्ये नेली तर कचऱ्याच्या पेट्यांजवळ लावावी लागेल."

"मग लाव की. मी आत बसून राहीन. वास सहन करीन, धक्के नकोत."

जोझेट म्हणाली, "काका, विकत घेऊच नका. माझी ठेवा, मला ट्रक द्या. मावशीची ट्रीटमेंट संपेपर्यंत."

"तू तरी सरकारी पैसे मिळाले म्हणूनच घेतलीस ना?"

"मिळाले ते घेतले. नसते मिळाले तरी घेतली असती. रोज चॅथमपर्यंत जाते मी. संध्याकाळी घरी आले की माझं डोकं दुखत नाही. एवढंच."

ओरेस्टने ताटातला कांदा बाजूला सारला. "धक्क्यांचं मी बघतो," तो म्हणाला. "आवाज, थरथर, सगळं काढतो. माझं कामच आहे ते."

मार्सेलने त्याच्या ताटात आणखी एक पेरोगी वाढला.

दुसऱ्या दिवसापासून तो गॅरेजमध्ये शिरला. इंजिनाखालचे रबर बदलले. मागच्या स्प्रिंगचे पाटे उतरवून एकेक घासला, मधे ग्रीस भरलं, दोन पाटे कमी केले. चाकं तोलून घेतली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा काढून कुठे वाकलाय ते बघितलं, सरळ करून आणला, पुन्हा बघितलं, पटलं नाही, पुन्हा नेला. सायलेन्सर टांगायचे हूक नवे केले. तिच्या बाजूची सीट उसवून आत तीन जातींचा फोम घातला, खाली टणक आणि वर मऊ. स्वतः बसून पाहिलं आणि पुन्हा उसवली. असलं काम घाईत होत नाही. हॉस्पिटलातून तिला आणलं की जेवणापर्यंत तो गॅरेजमध्येच असायचा.

स्वयंपाकघराच्या दारातून मार्सेल हाक मारायची. "ओरेस्ट, आत ये ना. जरा बस."

"येतो. एवढा बोल्ट झाला की."

"तुझा बोल्ट माझ्यापेक्षा नशीबवान!"

तो हसायचा. बोल्ट व्हायचा, मग दुसरा निघायचा. कधी आत जाऊन बघावं तर ती झोपेचं सोंग घेऊन पडलेली असे. सोंग आहे हे त्याला कळायचं. ती दमलीय, असं म्हणून तो परत जायचा.

शेवटी एके दिवशी त्याने चालू इंजिनाच्या बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी हललं नाही. त्याने मार्सेलला बाहेर बोलावून दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या. हात एकमेकांवर नीट आपटत नव्हते, पण वाजवल्या.

सकाळी निघाले. ट्रक खरोखरच लोण्यासारखा चालला. रूळ आले. ओरेस्टने वेग इतका कमी केला की मागच्याने हॉर्न दिला. पुढची चाकं गेली, मागची गेली.

"कसं वाटलं?"

"छान झालंय रे," मार्सेल म्हणाली. "काहीच कळलं नाही."

त्याला इतका आनंद झाला की त्याने हात लांब करून तिच्या मांडीवरच्या हातावर ठेवला.

तिचा हात थरथरत होता. इंजिनाची थरथर त्याला ठाऊक होती. ही ती नव्हती. एकसारखी नव्हती, मधेच अडखळत होती आणि पुन्हा जोरात येत होती. त्याने तळहात काढला नाही. ती समोर बघत हसत होती.

हॉस्पिटलच्या आवारातून त्याने जोझेटला फोन केला. "तुझी गाडी घेऊन ये. आजच."

"आणते काका. काय झालं?"

"तिला हवीय," तो म्हणाला.

संध्याकाळी जोझेटने गाडी आणून त्यांच्या दारात लावली आणि ट्रक घेऊन गेली. पण त्या दिवशी डॉक्टरांनी मार्सेलला घरी सोडलंच नाही. गाडी दारात उभी आहे हे ओरेस्टने तिला सांगितलं. "कुठल्या रंगाची?" तिने विचारलं. गाडीत बसून आलेली होती ती, तरी विसरली होती. "निळी," तो म्हणाला. ती घरी परत आली नाही. गाडी तशीच उभी राहिली, तिच्यावर पहिला बर्फ पडला, आणि अंत्यविधी झाल्यावर जोझेटने ट्रक परत आणून दिला आणि ती नेली.

ओरेस्ट पुढच्या सभेला गेला. घरी बसून काय करायचं? ट्रक दाराशी लावला. आत तेच चाललं होतं, कायदा की लोक. तुलिओ माइकवर होता.

"आपला ओरेस्ट बोललाच होता. मला एक माणूस दाखवा! दाखवला का कोणी अजून?"

टेबलं वाजली. ओरेस्ट उभा राहिला.

"मार्सेल," तो म्हणाला.

तुलिओ माइक ठेवून धावत आला आणि त्याने त्याला दोन्ही हातांनी धरलं. "माहीत आहे रे, माहीत आहे. बस तू. अरे, कॉफी आणा कोणीतरी." कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी डोळे पुसले. फार चांगली बाई होती, असं सगळ्यांनी म्हटलं. ओरेस्ट मान हलवत राहिला. नाही, नाही म्हणत होता तो. त्यांना वाटलं, रडतोय.

थोड्या वेळाने तुलिओने पुन्हा माइक घेतला, कुठवर आलो होतो ते विचारलं आणि तिथून पुढे सुरू केलं.

ओरेस्ट बाहेर आला. ट्रक सुरू करून खाली उतरला आणि सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला. ट्रक इतका शांत चालत होता की हाताला काहीच लागलं नाही.