साहेबांना वाढलेलं पान

अल ऐनच्या कडेला, अमिरातीच्या चौकीच्या आणि ओमानच्या चौकीच्या मधल्या पट्ट्यात आमचं हॉटेल उभं आहे. सरहद्दीचं कुंपण घालण्याआधी दोन्हीकडचं गाव एकच होतं आणि थाटाची लग्नं इथेच व्हायची. आता व्हिसा बदलायला देशाबाहेर पडलेली माणसं झुंबराखाली बॅगा घेऊन बसतात. पूर्वी मी इथे वेटर होतो, आता किचनचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे आहे.

गेल्या मार्चमध्ये त्या बॅगवाल्यांत आमचे जुने मॅनेजर दिसले. नोकरी गेलेली, नव्या व्हिसाची वाट बघत होते. माझं डोकंच फिरलं. माझे बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट या माणसाच्या कपाटात होता. मी अक्षरशः पाया पडलो होतो. "अरे, बँक्वेट फुल आहे. सीझन संपू दे, मग जा, इन्शाल्ला." आपला माणूस, मराठीतच म्हणाला. बाबांना चुलतभावाने अग्नी दिला.

साहेबांनी मला ओळखलं नाही. काउंटरवर येऊन म्हणाले, "हबीबी, तुम्ही मराठी ना? रोज रोज बिर्याणी, आता खलास. काही घरचं मिळेल?"

"मिळेल की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रांधलं. उडदाचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, कारलं, कढी. केळीचं पान मांडलं आणि रांगोळीऐवजी भोवती भस्माची रेघ ओढली. तिथी नव्हती, पण पंचांग विचारतो कोण!

साहेब खुशीत बसले. पान बघितलं आणि त्यांचा हात थांबला. श्राद्धाचा स्वयंपाक न ओळखायला ते काही परके नव्हते.

"आज कोणाचं आहे?"

"माझ्या बाबांचं. तुम्ही पासपोर्ट दिला नाहीत, म्हणून माझ्या हातून राहिलं होतं. आता अर्धवट उठू नका, साहेब. पितरांच्या पानावरून उठत नाहीत."

ते खाली मान घालून जेवू लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ते घास पाण्याबरोबर उतरवू लागले तेव्हा तर फारच. मी मुद्दाम आग्रह करत राहिलो, अजून एक वडा, अजून थोडी खीर.

शेवटी त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर गोंधळ होता.

"रजा मी बऱ्याच जणांची अडवली," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही त्यातले नक्की कोण?"

सात वर्षं मी या माणसाला एक दिवससुद्धा विसरलो नव्हतो. नाव मी सांगितलं नाही. आणखी एक वडा वाढला आणि म्हणालो, "जेवा."