बंबाची वाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या शहराचं पोलीस ठाणं आणि अग्निशमन केंद्र एकाच आवारात आहे, आणि ठाण्यातल्या जप्त गाड्या सांभाळणारा हवालदार मी. काही वर्षांपूर्वी एका दुपारी जप्तीचा ट्रक मी बंबाच्या दारापुढे लावला आणि जेवायला गेलो. तेवढ्यात लाकडाच्या वखारीला आग लागल्याची वर्दी आली. बंबाचे ड्रायव्हर कदममामा गाडी मागेपुढे करत राहिले आणि वखार जळून गेली. चौकशीत ते म्हणाले, वाट अडली होती. मी लिहून दिलं, वाट मोकळी होती. ठपका त्यांच्यावर बसला.

आता आवार वाढलंय. जप्त गाड्या मागे गेल्या आणि बंबाला स्वतःचं रुंद दार मिळालं. आज सकाळी नव्या दारातली आगीची पहिली घंटा झाली आणि कदममामांनी बंब एका दमात रस्त्यावर काढला. लाल पत्र्यावर ऊन असं झळाळलं की आम्ही पोलीससुद्धा टाळ्या वाजवत बाहेर धावलो. एका घराची आग स्वयंपाकघरातच विझवून ते परतले आणि खिडकीतून ओरडले, "काय हवालदार, आता ट्रक कुठं लावणार?"

सगळे हसले. मीही हसलो, पण डोळे भरून आले. मोकळी वाट दिसायला किती साधी असते, नुसती फरशी आणि ऊन! पण तिच्यामुळे कुणाचं तरी घर वाचतं.

वाट आता खरोखर मोकळी आहे. माझा जबाब मात्र अजून खोटाच आहे. तो बदलून कदममामांच्या हातात द्यायचा राहिलाय.