अम्मीची अरबी आणि माझं कॉलेज

आमच्या रत्नागिरीकडे दहावी झालेली मुलगी ‘कॉलेजला जाते’. आम्ही राहायचो त्या सौदीतल्या जेद्दात मात्र अकरावीतही ती शाळेतच. तोच गणवेश, तीच बस, मधल्या सुट्टीत ओरडणाऱ्या त्याच सुपरवायझर बाई. मला या अन्यायाचा भयंकर राग होता.

दहावीच्या निकालाआधीच आमची अकरावी सुरू झाली होती. निकाल लागला आणि गावाहून मामूचा फोन आला. “शाळा सोड नि इथल्या कॉलेजात ये. पुढे मेडिकलला जायचं तर बारावी इथूनच झालेली बरी.” अब्बा म्हणाले, “तुझं तू ठरव.” चपलेचा रंगसुद्धा मला कधी ठरवू न देणारा माणूस हा!

मग माझं ठरेचना. कुणीही विचारलं की माझं एकच पालुपद, “अम्मीचं कसं होणार?”

ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या जन्माआधीपासून जेद्दाच्या शराफिया वस्तीत राहून अम्मीने ‘खलास’ म्हणजे संपलं आणि ‘यल्ला’ म्हणजे चला, एवढ्या अरबीवर संसार केला होता. दुकानदार मलबारी, शेजारीण हैदराबादी, त्यामुळे हिंदीत भागायचं. अडायचं ते दवाखान्यात. अम्मीला थायरॉइड आणि तिच्या डॉक्टरीणबाई इजिप्तच्या. आमच्या ओळखीच्या घरांत हे काम थोरल्या मुलीचं. तिने शाळेत अरबी शिकायची आणि आईबरोबर जाऊन आईचं दुखणं बोलायचं. मी प्राथमिक शाळेत असल्यापासून बोलत आले होते. अम्मीला झोप लागत नाही, पाळी चुकते, उगाच रडू येतं, हे सगळं डॉक्टरीणबाईंना माझ्या तोंडून कळलं. त्या रागावल्या, तर तो राग मी अर्धाच मराठीत आणायचे. अम्मीच्या दुखण्याची मालकी आपल्याकडे आहे, असंच मला वाटत असे.

एका दुपारी शाळेतून आले तर घराला कुलूप. अम्मी एकटी कुठे जात नसे. दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती धापा टाकत वर आली, हातात औषधांची पिशवी.

“कहाँ गई थीं?” रागावले की मी हिंदीवर जायचे.

“दवाखान्यात.”

“साथ में कौन था?”

“कोण कशाला हवं? मीच बोलले.” मी शाळेत असताना ती शेजारणीकडून अरबी शिकत होती म्हणे. “डॉक्टरीण हसली माझ्या बोलण्याला. हसू दे. समजलं तिला सगळं.”

“आणि मला सांगितलंही नाहीस?”

कुलूप काढता काढता ती म्हणाली, “तू गेल्यावर कोणाला सांगणार होते गो?”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. जेवले नाही, खोलीचं दार आपटलं. आत बसून डोकं थंड झालं तेव्हा कळलं की माझं कारण अम्मीने काढून घेतलं होतं. आता उरली होती फक्त माझी भीती. अनोळखी हॉस्टेल, घरच्या बोलण्यापलीकडे न येणारी मराठी, आणि अम्मीशिवायची मी. मी खूप रडले, आणि बाहेर येऊन सांगितलं, “जाते.” “जाऊ दे तिला,” अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली.

सौदीतून बाहेर पडायलाही व्हिसा लागतो; तो काढायला अब्बांनी मोबाईल हातात घेतला. परत येण्याची सोय ठेवणारा काढायचा, की कायमचा सोडून जाण्याचा? ते म्हणाले, “शिकायलाच चाललीय तर एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

स्वयंपाकघरातून अम्मी हातातल्या पिठासकट बाहेर आली. “परतीचाच काढा.”

“आत्ता तर तूच म्हणालीस, जाऊ दे तिला.”

“जाऊ दे म्हटलं. खलास नाही म्हटलं.” आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना जे मी इतकी वर्षं अरबीत सांगत होते, ते रडू मी प्रथमच समोर पाहिलं.

पहिल्या मोठ्या सुट्टीत मी जेद्दाला आले, तेव्हा अम्मीची तपासणी होती. सवयीने मीही निघाले. नर्सने हाक मारली तशी उठले. अम्मीने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुन्हा खुर्चीत बसवलं.

“तू बस इथं. आमचं बोलणं व्हायचंय.”

दार बंद झालं. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, पण शब्द काही कळत नव्हते. मला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी तिची पर्स मांडीवर घेऊन ती बाहेर येण्याची वाट बघत बसले.