बूट काढाले कोणी लावले?

मंडळी, आत्ताच यवतमाळच्या कोर्टातून आलो. डोकं अजून तापूनच हाये.

माहा भाऊ गजानन वणीकडच्या एका सळईच्या कारखान्यात कामाले होता. दसऱ्याले मालकानं मशीनची पूजा ठेवली अन् सगळ्यायले बूट काढाले लावले. आरती झाली, अन् बूट घालू न देता लगेच मुहूर्ताचा माल काढाले लावला. सळयांचा गठ्ठा गजाननच्या पायावर पडला. पाय कापावा लागला.

आज भरपाईच्या केसमध्ये मालकाचा वकील जजसायबाले म्हणते, "कामगारानं सेफ्टी बूट घातलेच नव्हते. चूक त्याचीच."

अन् मालक बाजूले बसून मान डोलवून राह्यला होता!

अरे, बूट काढ म्हणणारा तूच होता ना? देवापुढं अनवाणी उभं केलं, अन् कोर्टात त्याच पायाले दोष देतं?

मले सांगा, आता बूट घालाले त्याले पाय कुठून आणून देऊ?