खाकरकाका आणि वरची चौकट

माझी काउंटरवरची खुर्ची गेली ती एका घशापायी. लोकांच्या नोकऱ्या मोठमोठ्या कारणांनी जातात, कंपन्या बुडतात, सरकारं बदलतात. माझ्या नशिबी घसा आला, आणि तोही दुसऱ्याचा.

घसा होता खाकरकाकांचा. हे नाव वाचकांनी ठेवलं होतं आणि काकांना ते ठाऊक होतं. आमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या काउंटरवर ते आणि मी शेजारी शेजारी बसायचो. मी कामाला लागले तेव्हा त्यांचे केस काळे होते. ते पिकत गेले तसे माझेही पिकायला लागले, इतकी आमची सोबत जुनी.

काकांची एक पद्धत होती. चारचौघांत माणसाला त्याची चूक सांगू नये, हे त्यांचं ठाम मत. त्यात ग्रंथालयात मोठ्यानं बोलायची चोरी. म्हणून ते खाकरायचे. एखादा वाचक कादंबरीचा पहिला भाग न वाचताच दुसऱ्या भागाला हात घालायला लागला की काउंटरवरून हलकेच 'खं'. हात मागे यायचा. एखाद्या बाईंनी आधी नेलेलंच पुस्तक पुन्हा उचललं की 'खं'. बाई हसून ते जागेवर ठेवायच्या. हात योग्य पुस्तकावर पडला की काका गप्प. जुन्या वाचकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की काही जण कपाटापुढे उभं राहून नुसताच हात फिरवायचे आणि काकांचा घसा काय म्हणतो याची वाट बघायचे.

घरी तरी काय वेगळं. काकू सांगायच्या, "सून नवी होती तेव्हा बिचारीला वाटायचं, सासऱ्यांना तिच्या हातचं आवडत नाही. ती चुकून दुसऱ्यांदा मीठ घालायला जायची आणि हे बाहेरच्या खोलीतून खाकरायचे." पुढे सुनेला उलगडा झाला तेव्हा ती म्हणाली, "मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?" प्रश्न रास्त होता. पण काकांना तो कधी पटला नाही.

मग ग्रंथालयाला नव्या ग्रंथपाल बाई आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ नवी वेबसाइट. बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सरळच सांगितलं, "पुस्तक शोधणं, राखून ठेवणं, मुदत वाढवणं हे सगळं वाचकांना आपलं आपण जमत असेल तर काउंटर कशाला हवं? आपण चाचणी घेऊ. पाच वाचक बसवू. चौघांना जमलं तर काउंटर बंद. दोघं अडले तर काउंटर राहील. याहून न्याय्य काय असतं?"

न्याय्यच होतं. आमची मान आमच्याच वाचकांच्या हातात दिली होती, तक्रार कोणाकडे करायची?

चाचणी घ्यायला बाहेरून एक बाई आल्या. चांगल्या होत्या, मी उगाच कोणाला नावं ठेवणार नाही. त्या म्हणाल्या, "आपण वाचकाची परीक्षा घेत नाही आहोत, वेबसाइटची घेतोय. माणूस अडला तर अडू द्यायचा. बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही. मदत करणं म्हणजे इथे फसवणं." त्यांना ग्रंथालयात कधी पाऊल न टाकलेली माणसं हवी होती. ग्रंथपाल बाईंनी रोजचे वाचक गोळा केले, कारण ते आयते समोर बसलेले होते. शिवाय वाचक बुजू नये म्हणून शेजारी ओळखीचं माणूस हवं, तर काकांना बसवलं.

"यांना गप्प बसता येईल ना?" चाचणीवाल्या बाईंनी विचारलं.

"मी एक शब्द बोलणार नाही," काका म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला. माझं दुखणं तेच आहे.

मी चाचणीवाल्या बाईंबरोबर शेजारच्या खोलीत होते. वाचकाचा पडदा आम्हाला आमच्या पडद्यावर दिसायचा आणि त्या खोलीतलं बोलणं स्पीकरवर ऐकू यायचं. वेबसाइटवर शोधायच्या दोन चौकटी होत्या. वरची ऐसपैस, भिंगाचं चित्र काढलेली. तिच्यात काहीही लिहा, ती ग्रंथालयाच्या सूचना शोधायची, म्हणजे सुट्ट्या, निबंध स्पर्धा, पाणी जपून वापरा वगैरे. पुस्तकं शोधायची चौकट खाली, चिंचोळी, आणि तिच्यावर फिकट अक्षरांत 'ग्रंथसूची'. कुठलाही शहाणा माणूस वरच्याच चौकटीत पुस्तकाचं नाव लिहिणार आणि 'काहीही सापडले नाही' हे उत्तर घेऊन घरी जाणार. मी पडदा बघितला आणि मनात म्हटलं, वाचलो.

पहिल्या आल्या एक निवृत्त शिक्षिका. "मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा," असं त्यांना सांगितलं होतं. पण जन्मभर वाचनालयात गप्प बसलेली बाई, तिनं कुजबुजायला सुरुवात केली. स्पीकरमधून नुसती खुसपूस. पडद्यावरचा बाण वरच्या चौकटीकडे निघाला आणि स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आलं, 'खं'.

बाण चटका बसल्यासारखा खाली आला. चिंचोळ्या चौकटीत नाव लिहिलं गेलं, पुस्तक सापडलं. "सोपं आहे की," बाई म्हणाल्या.

दुसरा टॅक्सीवाला. बाण वर, 'खं', बाण खाली. "सोपं आहे की."

चाचणीवाल्या बाईंनी मला विचारलं, "काकांना सर्दी झालीय का?"

"सर्दी कसली, ते वाट दाखवतायत," मी म्हटलं आणि सगळी कथा सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या मला घेऊन तडक ग्रंथपाल बाईंकडे गेल्या. म्हणाल्या, "हे दोघे बाद करा आणि काकांच्या जागी दुसरं कोणी बसवा." ग्रंथपाल बाईंनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "काउंटर वाचवायला आता खोकल्याचा आधार घेणार का? त्यांच्या तोंडून शब्द निघाला? नाही ना? मग चालू ठेवा." चाचणीवाल्या बाईंनी ही गोष्ट अहवालात मात्र लिहिली, अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. ग्रंथालयात असूनही तिथपर्यंत कोणी वाचलं नाही.

तिसरी एक कॉलेजातली मुलगी, नुकतीच सभासद झालेली. तिच्या कानांत इअरफोन. काकांनी खाकरून खाकरून घसा सुकवला, तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. वरच्या चौकटीत तिनं पुन्हा पुन्हा तेच लिहिलं आणि "बकवास आहे" म्हणून उठून गेली. मला तिला मिठी मारावीशी वाटली. चौथी नर्स, काकांची जुनी वाचक. 'खं', आणि झालं.

आता सगळं पाचव्यावर होतं. मी काकांना बोळात गाठलं.

"काका, घसा आवरा. एक अडलीय. अजून एक अडला की आपण सुटलो."

"मी बोलतोय कुठं?"

"बोलत नाही, पण खाकरताय."

"मी?" ते खरोखर दचकले. मुलगी गेल्यावर आपल्याला पाणी का प्यावंसं वाटलं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. भिंतीला टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मलाही घरी जायचं नाहीये गं. सकाळी तुझी काकू घर झाडते ना, तेव्हा मला पाय कुठे ठेवायचे तेच समजत नाही."

मी पर्समधली खोकल्याची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ही तोंडात धरा आणि वर रुमाल दाबा." त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

पाचवा एक म्हातारा शिंपी. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी तो पुस्तकं न्यायचा, स्वतः एक ओळ वाचायचा नाही. बायकोनं सांगितलेलं पुस्तक शोधायचं, एवढंच त्याचं काम. बाण वर गेला. स्पीकरमधून काही नाही, फक्त गोळी दातांवर आपटल्याचा आवाज. 'काहीही सापडले नाही.' त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. काका गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते मी त्या दिवशी ऐकलं.

"माझीच अक्कल कमी," शिंपी कुजबुजला. "जन्मभर सुईत दोरा ओवला आणि इथे एवढंसं दिसत नाहीये." मग थोड्या वेळानं, "तिला काय सांगू आता?" आणि मग, "माफ करा हं काका, तुमचा वेळ खातोय."

'खं.'

एवढ्या मोठ्यानं काका कधीच खाकरले नव्हते. गोळी टेबलावर पडल्याचंही ऐकू आलं. बाण खाली घसरला.

"अरेच्चा," शिंपी म्हणाला, "सोपं आहे की."

पाचातले चार. चाचणीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी काकांवर तुटून पडले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हेच खरं. तुमच्या पायावर तुम्ही धोंडा मारून घ्या ना, माझ्या पायावर कशाला?"

"खोड नव्हती ती," काका म्हणाले. "आधीचं मला कळलं नाही, पण हे मुद्दाम केलं."

"का पण?"

"तो माणूस माझ्या शेजारी बसून स्वतःला बिनअकलेचा म्हणत होता. चूक त्या पडद्याची, आणि माफी मागतोय तो. मी गोळी चघळत ऐकत बसायचं?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. काउंटर निघेपर्यंत आम्ही शेजारी बसून एक अक्षर बोललो नाही.

सुतारानं काउंटर उखडलं. त्या जागी उभ्या पडद्याचं यंत्र आलं, त्यावर तीच वेबसाइट, त्याच दोन चौकटी. काम झालं की शेवटी ते विचारतं, 'कसं वाटलं?' आणि रडका, मख्ख, हसरा असे तीन चेहरे दाखवतं. महिन्याअखेर हसरे चेहरे किती झाले ते ग्रंथपाल बाई फलकावर लावतात. काकांना निवृत्तीच्या मुदतीआधीच घरी पाठवलं. मला दारावर बसवलं, वाचकांच्या पिशव्या तपासायला. शिंपी एकदा आला. पडद्यापुढे उभा राहिला, काउंटर होतं तिकडे वळून पाहिलं, आणि गेला तो परत आला नाही. त्याची बायको आता काय वाचते, कोण जाणे. अहवालाप्रमाणे त्याला सगळं जमतं.

काकूंनी काकांना घरात टिकू दिलं नाही. ते रोज येऊन पडद्याजवळच्या बाकावर पेपर घेऊन बसू लागले. माझ्यासमोर पिशवी उघडून धरायचे, मी आत बघायचे, ते पुढे जायचे. बोलणं तेवढंच.

परवा दुपारी एक बाई आली, नवीन, लहान मुलीला घेऊन. पडद्यापुढे उभी राहिली आणि वरच्या चौकटीत लिहू लागली. पेपरामागून 'खं'. तिनं मागे बघितलं, मुलीला जवळ ओढलं आणि पुन्हा वरच्याच चौकटीत लिहिलं. पुन्हा 'खं', जरा जोरात. बाई तरातरा माझ्याकडे आली.

"ते आजोबा सारखे खोकतायत. इथे लहान मुलं येतात. तुम्ही काही करणार आहात का?"

'खोकला असल्यास आत बसू नये' अशी पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली. मी बाकाजवळ गेले. काकांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा उजळला. मी अबोला सोडून बोलायलाच आलेय असं त्यांना वाटलं असावं.

"काका, बाहेर बसा," मी म्हटलं.

ते लगेच उठले. पेपराची नीट घडी घातली, जागेवर ठेवला. जाता जाता थांबले आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, तोंडानं सांगितलं. "तिला सांग, वरची नाही, खालची."

ते दारातून बाहेर पडेपर्यंत मी थांबले. मग त्या बाईजवळ जाऊन म्हटलं, "खालच्या चौकटीत लिहा." तिनं लिहिलं. पुस्तक सापडलं.

"सोपं आहे की," ती म्हणाली, आणि मुलीला उचलून तिच्या बोटानं हसरा चेहरा दाबला.

मी दारावर परत आले. काका बाहेर पायरीवर पाठमोरे बसले होते. त्यांचा मला यायला हवा तेवढा राग येईना, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.